क्रेनवरचा गूळ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पुस्तकं आमच्या घरात नंतर आली. आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला होते तेव्हापासून कामगारांच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात माळ्यावर, कॉटखाली, शिलाई मशिनच्या पेटीत असत. पुढच्या बाजूला बोनसची मागणी आणि पाठकोऱ्या बाजूला माझे अपूर्णांक. पत्रक लिहायला बसले की आबा मला शेजारी घेत आणि एकेक वाक्य वाचून विचारत, "काय कळलं तुला?" मला कळलं नाही तर ते वाक्य खोडत. शाळकरी पोरीला जे कळत नाही ते शिफ्ट सुटल्यावर बसकडं पळणाऱ्या माणसालाही कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या सवयीमुळं कुठलाही छापील कागद हातात आला की मी अजूनही आधी तीन गोष्टी बघते. हा कुणी काढला, कुणासाठी काढला, आणि यात काय सांगायचं टाळलंय.

गेल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात असे दोन कागद समोरासमोर आले. दोन्ही आबांच्या ताटाबद्दल होते.

आबांना साखर आहे हे जुनंच. पण पावसाळा संपतासंपता केलेल्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा चांगलाच चढलेला निघाला. पेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, सरकारी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडं चिठ्ठी दिली आणि जाताजाता म्हणाले की आकडा उतरला नाही तर इन्सुलिनचा विचार करावा लागेल. आबांनी त्यातला एवढा एकच शब्द घरी आणला. आबा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डोक्यावरून चालणारी क्रेन चालवतात. इन्सुलिन घेणाऱ्याला वर्षाच्या मेडिकलमध्ये क्रेनवरून उतरवतात, अशी तिथं सगळ्यांची समजूत होती. ती खरी की खोटी हे कुणी विचारायला गेलं नव्हतं. विचारलं तर आपल्यावर नजर जाईल, ही त्यामागची दुसरी समजूत.

आबांना क्रेनवरून उतरायचं नव्हतं. वितळलेल्या लोखंडानं भरलेली लॅडल भट्टीपासून साच्यांपर्यंत न हिंदकळता न्यायची, हे त्यांचं काम. लॅडल म्हणजे माणूस उभा मावेल एवढी जाड पत्र्याची बादली. मी लहान असताना कंपनीच्या कौटुंबिक दिवसाला त्यांनी मला खालून दाखवलं होतं, त्यांची केबिन छपराला टेकल्यासारखी दिसत होती. पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर कमरेवरून नेताना बाई जशी मधूनच चाल बदलते, तशी ती क्रेन मधूनच मंद होत होती. निवृत्तीला फार वर्षं राहिली नाहीत. जेवढी आहेत तेवढी वरच काढायची, हे त्यांनी मनाशी ठरवलेलं. मेडिकल जानेवारीत होणार होतं.

पहिला कागद दवाखान्यातल्या बाईंनी दिलेला. गोल ताटाचं चित्र. अर्ध्या ताटात भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताटात भाकरी किंवा भात, उरलेल्या पाव ताटात डाळ, उसळ, अंडं. तेल बेताचं, दूध सायीशिवाय, दोन जेवणांत फार अंतर नको. बाई नीट होत्या, कागदही नीट होता. पण तो आमच्या घरासाठी काढलेला नव्हता. 'दोन मध्यम भाकऱ्या' म्हणजे कुणाच्या? आबांच्या आईच्या हातची भाकरी परातीएवढी असायची आणि आईनं लग्नानंतर तीच उचलली. 'एक वाटी भात' तर आईला अपमानच वाटला. ती चंदगडची. तिथं पाऊस सहा महिने उठत नाही आणि भात तीन वेळा शिजतो. तिच्या माहेराहून तांदळाचं पोतं अजून एसटीनं येतं. वाटीनं मोजून भात वाढायचा हे तिला ऐकूनच कसंतरी झालं. ती म्हणाली, बाईंना सांग, वाटीत आमच्याकडं रस्सा घेत्यात.

तरी महिनाभर आबांनी तो कागद पाळला. पाळला म्हणजे भाकऱ्या दोनच खाल्ल्या, त्या आईच्या. आकडा जागचा हलला नाही.

दुसरा कागद कंपनीच्या बसमधून आला. आबांच्या शेजारी बसणारा एक फिटर आहे, त्यालाही साखर आहे. आम्ही त्याला फिटरकाका म्हणतो. दिवाळीच्या आधी त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला आणि अख्ख्या बसचं लक्ष त्याच्या पोटाकडं लागलं. त्यानं धान्यच सोडलं होतं. भाकरी, चपाती, भात, पोहे, बटाटा, साखर, गूळ सगळं बंद. मटण, अंडी, मासे, पनीर, तूप, शेंगदाणे, पालेभाजी पोटभर. मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओवरून कुणीतरी ते मराठीत उतरवून त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या. त्यातली एक आबांनी घडी घालून खिशात आणली आणि जेवताना माझ्यापुढं ठेवली. वाचून बघ म्हणाले, पत्रकासारखं हाय.

खरंच पत्रकासारखं होतं. भाषा खणखणीत, शंका कुठंही नाही. 'आजवर तुमची फसवणूक झाली' अशी सुरुवात. मला हसू आलं, कारण आमच्या माळ्यावरच्या निम्म्या पत्रकांची सुरुवात तशीच आहे. मध्येच बदामाच्या पिठाची भाकरी आणि एका परदेशी फळाची कोशिंबीर होती, त्यावरून आईनं विचारलं की हे फळ मंडईत कुठल्या बाजूला मिळतंय.

पण कोल्हापूरच्या माणसाला हा आहार सोपा गेला, हे मान्य केलं पाहिजे. दवाखान्याच्या कागदानं ज्याची धास्ती घातली होती ते सगळं या कागदानं ताटात परत आणलं. रविवारी आबा भाकरीशिवाय तांबडा आणि पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या प्यायले आणि वर म्हणाले, औषध म्हणून पितोय. सकाळी दोन अंडी, दुपारच्या डब्यात सुकं मटण किंवा पनीर आणि मेथी. आईनं सुरुवातीला भांडून घेतलं.

"आणि मी काय करू? माहेरचा तांदूळ कोंबड्यांना टाकू?"

"तू खा की. तुला कुणी धरलंय?"

"तुमच्या तोंडाकडं बघत खाऊ व्हय?"

ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून भात खायला लागली. मला ते आवडलं नाही आणि मी तसं बोलून दाखवलं. एकाच्या पथ्यासाठी दुसऱ्यानं उभ्यानं जेवायचं हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती खाली बसून, आबांच्या समोर, नेहमीएवढाच भात घेऊन जेवली. आबांनी नजर भाजीवर ठेवली.

दूध मात्र कुणीच सोडलं नाही. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाचा पेला हातात देतात. आमच्या भागातला माणूस तिथं उभ्यानं दूध पितो, चार गोष्टी करतो आणि घरी येतो. फिटरकाकापासून सगळे पथ्यवाले ते दूध पीत होते. मी म्हटलं, दुधातही साखर असते, आपली आपण असते. फिटरकाकानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी म्हशीवर आळ घेतला. "दूध म्हणजे ताकद," तो म्हणाला. "ते खाण्यात धरत न्हाईत." आमच्याकडं कुणीच धरत नाही. तालमीत धरत नाहीत, लग्नात धरत नाहीत, उपवासालाही धरत नाहीत.

एवढं होऊनही आबांची साखर उतरली. सकाळी उठल्याउठल्या घरच्या यंत्रावर घेतलेला आकडा आठवड्या-आठवड्याला खाली येत होता. मी त्या आहाराबद्दल चेष्टेनं बोलत होते, ते थांबवलं. जे डोळ्यांसमोर घडतंय ते आपल्या मताला सोयीचं नाही म्हणून नाकारायचं नसतं. बसमधल्या लोकांनी आबांचा आकडा ऐकला आणि एका रविवारी फिटरकाका घरी येऊन बसला. त्याला माझ्याकडून एक पान लिहून हवं होतं.

"तू लिव्हतीस की. झेरॉक्स मी काढतो. वर मोठ्या अक्षरात टाक, भाकरी सोडा, साखर तोडा."

आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. मी सांगितलं, मला अजून पुरतं माहिती नाही, माहिती झाल्याशिवाय लिहिणार नाही. फिटरकाका म्हणाला, तुझ्या बापाचा आकडा समोर हाय, आणि काय पायजे? मी म्हटलं, एका माणसाचा एक आकडा म्हणजे बातमी झाली, त्यावरून शंभर माणसांना हुकूम सोडता येत नाही. तो आबांकडं वळून म्हणाला, पोरगी लई शिकवलीसा. आबा हसले, पण माझ्या बाजूनं काही बोलले नाहीत. एरवी बोलले असते.

मग मी ते काम खरंच हातात घेतलं. दोन्ही बाजूंचं मिळेल ते वाचलं, समजलं नाही तिथं विचारलं. एक गोष्ट लवकरच लक्षात आली. दोन्ही बाजू भांडतात त्यापेक्षा जास्त गोष्टींवर त्यांचं जमतं. साखर, मैदा, बेकरी, बाटलीतली थंड पेयं दोघांनाही नकोत. भाजी दोघांनाही जास्त हवी. पिष्ट पदार्थ कमी केले की बऱ्याच जणांची साखर पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं उतरते, हे आता जुन्या पद्धतीचे लोकही मानतात. पुढं फरक कमी होत जातो, कारण माणसं हळूहळू आपल्या ताटाकडं परत येतात. धान्य सोडून मांस आणि तूप वाढवलं की काहींच्या रक्तातली चरबी बिघडते, काहींची बिघडत नाही. मूत्रपिंड आधीच दुखावलेलं असेल त्यानं परस्पर असलं काही करू नये. दुसऱ्या बाजूला, ताटाचं ते गोल चित्र सगळ्यांसाठी काढलेलं असतं, आणि साखरेच्या माणसाला पाव ताट भाकरीही जास्त होऊ शकते हे त्या चित्रात ठळकपणे सांगितलेलं नसतं. मला कुणाचीच बाजू घेण्याची गरज वाटली नाही. मला राग आला तो दोघांच्या आवाजाचा. एक कागद समजूत काढत होता, दुसरा डरकाळी फोडत होता. समोरच्या माणसाला विचारून बघण्याची सवय दोघांनाही नव्हती.

त्याच दिवसांत आईनं आबांचा युनिफॉर्म धुवायला काढला तर वरच्या खिशाला मुंग्या लागलेल्या. खिसा उलटा केला तर आत गुळाचा चुरा, कापडाला चिकटून बसलेला. आईनं शर्ट तसाच धरून बाहेर आणला.

"बघ तुझ्या आबांचं पथ्य. मला म्हणत्यात भात खा, खा, आणि हितं चोरून गूळ खात्यात."

आबा नुकतेच आले होते. ते म्हणाले, हेल्परच्या घरी गुऱ्हाळ हाय, त्यानं दिलता, राहिला खिशात. आई म्हणाली, दिलता तर घरी आणायचा, खिशात कशाला बाळगताय? वाडीला जाऊन आल्यावर मी पेढा दिला तर तोंड फिरवलं, आणि गूळ चालतोय व्हय? आई दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाते. आबा जात नाहीत, पण प्रसाद कधी नाकारत नसत. त्या महिन्यात नाकारला होता, आणि तिला ते लागलं होतं. आबा शर्ट घेऊन मोरीत गेले आणि खिसा स्वतः धुतला. मलाही तेव्हा एवढंच वाटलं की गोडाची ओढ सुटत नाही.

दोन-तीन दिवसांनी मी डॉक्टरांकडं गेले ते माझ्या पानासाठी. दवाखाना रिकामा होता. मी दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, यात काय राहिलंय? त्यांनी दवाखान्याचा कागद नुसता बघितला, तो त्यांच्या ओळखीचा होता. बसमधला कागद शेवटपर्यंत वाचला, उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं.

"ह्यात गोळीचं कुठंच न्हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. साखर खाली आणणाऱ्या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात. काही अशा असतात की पोटात भाकरी असो नसो, त्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. तसली गोळी नेहमीच्या जेवणाचा अंदाज धरून दिलेली असते. जेवणातली भाकरी काढली आणि गोळी तेवढीच ठेवली तर साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, माणूस कधी बेशुद्ध पडतो. आहार वाईट नाही, ते म्हणाले, मी स्वतः काही जणांना देतो, पण आधी गोळी कमी करून.

"गोळी दोन भाकऱ्या धरून दिलीया. भाकरी काढली तर ती कुणाला खाईल? माणसालाच की."

मी विचारलं, आबांना दिलेली गोळी कुठली? त्यांनी कागद खाली ठेवला.

"आबांनी भाकरी सोडलीया? मला बोलले न्हाईत."

मला मुंग्या आठवल्या. मी कागद तिथंच टाकून उठले.

कंपनीची बस एवढ्यात येऊन गेली असणार, पण आबा घरी पोचलेले नव्हते. मी गंगावेशीत गेले. डिसेंबरची संध्याकाळ, लोकांनी कानटोप्या घातलेल्या, म्हशींच्या अंगातून वाफ निघत होती. आबा एका कडेला उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि तरीही फेस काठावरून सांडत होता. मागचा माणूस म्हणाला, पावणं, जरा सरकता का? तर त्यांना ते ऐकूच गेलं नाही. ज्या हातांनी लॅडल हिंदकळू द्यायची नाही त्या हातांत एक पेला स्थिर राहत नव्हता. मी जवळ जाऊन त्यांना कट्ट्यावर बसवलं. दूध संपेपर्यंत मी शेजारी थांबले. हळूहळू घाम थांबला, त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघितलं. मी कशाला आले हे त्यांना कळलं होतं.

"कधीपास्नं?"

"दिवाळीपास्नं." त्यांनी लपवलं नाही. "रोज न्हाय. कवातरी. बहुतेक बस सुटायच्या वक्ताला हुतंय."

"वर असताना पण?"

"गूळ असतोय की खिशात. तोंडात टाकला की थांबतंय."

"आणि थांबेपर्यंत?"

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला तेवढं कळत हुतं. गोळी जास्त होतीया हे मला उमगलंय. पण गोळी कमी केली आणि आकडा पुन्हा चढला तर जानेवारीत काय दाखवू? हात थरथरतोय असं आत्ता सांगितलं तर आत्ताच उतरवत्यात. एक महिना काढायचा हाय फक्त.

"आबा, खाली माणसं असत्यात."

"मला शिकवतीस? त्या माणसांच्या हेल्मेटसाठी, बुटांसाठी मी गेटवर उभा राहिलोय. तुला कडेवर घेऊन राहिलोय."

"म्हणून तर तुम्हाला सांगावं लागू नये."

आजूबाजूचे दोघंतिघं बघायला लागले. मला त्याची पर्वा नव्हती. मी म्हटलं, उद्या तुम्ही डॉक्टरांकडं आणि कंपनीत सांगितलं नाही तर मी येऊन सांगते. ते म्हणाले, माझी पोरगी माझी तक्रार करणार? मी म्हटलं, व्हय. ते उठले, पेला बादलीशेजारी ठेवला आणि माझ्या पुढं चालत घरी आले. रात्री आम्ही जेवायला बसलो. आईला मी सांगितलं तेव्हा तिनं आधी तो खिसा आठवून कपाळाला हात लावला, आणि मग आबांच्या ताटात न विचारता अर्धी भाकरी टाकली. त्यांनी खाल्ली.

मी तेव्हा चुकले असं मला आजही वाटत नाही. बापाविरुद्ध बोलणं सोपं नसतं हे खरं. पण मी ज्या घरात वाढले तिथं सुरक्षेचा नियम मालकासाठी एक आणि आपल्या माणसासाठी दुसरा असं कधी शिकवलं गेलं नाही.

सकाळी मी उठले तर आबा घरात नव्हते. बसच्या वेळेआधीच गेलेले. मी चप्पल घालत होते, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. आबा दवाखाना उघडायच्या आधीपासून पायरीवर येऊन बसले होते. मी पोचले तेव्हा डॉक्टर त्यांना बोलत होते आणि आबा मान खाली घालून ऐकत होते, पण त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. ती गोळी बंद झाली, दुसरी साधी तेवढी राहिली. दुपारच्या जेवणात एक लहान भाकरी परत आली, रात्री धान्य नाही, दुधाचा एक पेला आणि तो जेवणात धरायचा. साखर दिवसातून वेगवेगळ्या वेळी बघायची, नुसती सकाळची नाही. आणि डॉक्टर सांगेपर्यंत क्रेनवर जायचं नाही. कंपनीला कोण सांगणार, असं डॉक्टरांनी विचारलं. आबा म्हणाले, मी सांगतो, आणि माझ्याकडं बघितलं नाही.

सकाळची बस गेली होती म्हणून त्या दिवशी ते दुपारच्या शिफ्टला गेले आणि सुपरवायझरला स्वतः सांगितलं. त्याच दिवशी त्यांना खाली घेतलं. वर एक तरुण ऑपरेटर बसला आणि आबा खालून त्याला हातानं खुणा करायला लागले. डावीकडं घे, थांब, सोड. बसमध्ये फिटरकाका म्हणाला म्हणे, साखरेनं न्हाय, पोरीनं उतरवलं. आबांनी हे मला घरी येऊन सांगितलं, हसत नव्हते.

आठवडा गेला आणि एका रात्री जेवण झाल्यावर त्यांनीच विचारलं, ते पान लिव्हणार हुतीस त्याचं काय झालं? मी लिहिलेला मसुदा दाखवला. मी वर शीर्षक दिलं होतं, 'कोणता आहार बरा?' त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि शीर्षक खोडलं. म्हणाले, बसमधला माणूस पहिली ओळ वाचतोय आणि खाली बघत न्हाय. पहिल्या ओळीत काम पाहिजे. त्यांनी लिहिलं, 'साखरेची गोळी चालू असेल तर भाकरी सोडण्याआधी डॉक्टरला विचारा.' मग दोन्ही आहारांबद्दलची माझी वाक्यं त्यांनी एकेक करून वाचली. जास्त कापली नाहीत. दूध खाण्यात धरा, ही ओळ वाचून म्हणाले, ह्यावरनं भांडणं होतील, राहू दे. दवाखान्याच्या ताटात भाकरीचा आकार सांगा, ही ओळही राहिली. शेवटी म्हणाले, ह्यात माणूस न्हाय.

"कसला माणूस?"

"ज्याचा हात थरथरला तो. लिही की. क्रेन चालवणारा, वर असताना थरथरला, गुळावर काढलं, सांगितलं न्हाय."

"मेडिकल व्हायचंय अजून. नाव नाही टाकलं तरी बसमध्ये कळणारच."

"कळू दे. न्हायतर फिटर म्हणतोय, पोरीचं पुस्तकातलं ज्ञान हाय."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसंच, त्यांच्याच शब्दांत, चार ओळींत. झेरॉक्स फिटरकाकानंच काढल्या, आणि बसमध्ये वाटण्याआधी स्वतः वाचून डॉक्टरकडं जाऊन आला. त्याची गोळी वेगळी निघाली, त्याला काही बदलावं लागलं नाही. तो अजूनही भाकरी खात नाही आणि अजून ठणठणीत आहे. हेही मी त्या पानाच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलं, कारण ते खरं होतं.

पान कंपनीच्या दवाखान्यातही पोचलं. जानेवारीत मेडिकलला आबा आत गेले तर टेबलावर ते होतं. कंपनीच्या डॉक्टरनं विचारलं, हे तुम्हीच का? आबा म्हणाले, व्हय. मग बराच वेळ प्रश्न झाले, रक्त झालं, मधल्या आठवड्यांतले दुपारचे आकडे बघितले गेले. इन्सुलिनचंही आबांनी तोंडावर विचारून घेतलं. नुसत्या इन्सुलिनवरून कुणाला उतरवत नाहीत, माणूस कसा आहे ते बघतात, असं उत्तर मिळालं. इतकी वर्षं सगळी बस ज्याला घाबरत होती ते एका प्रश्नात मिटलं. आबांना त्यांनी लगेच वर पाठवलं नाही. आणखी एक महिना खाली, मग पुन्हा तपासणी.

तो महिना सोपा नव्हता. आकडा मधे थोडा चढला. आबा चिडले, एकदा ताट सरकवलं, एकदा आईला म्हणाले की तुझा भात तिकडं घेऊन बस. ती हलली नाही. म्हणाली, एकदा उभ्यानं जेवलोय, आता न्हाय. आबांनी ताट परत ओढलं. त्यांनी भाकरी आणखी लहान करून घेतली, संध्याकाळी रंकाळ्याला फेरी धरली, आणि आकडा मुक्कामाला आला. पहिल्या कागदावर होता तेवढा वर नाही आणि दुसऱ्यावर गेला होता तेवढा खालीही नाही, पण डॉक्टर समाधानी होते. त्यांचं ताट आता कुठल्याच चित्रासारखं दिसत नाही. पालेभाजी भरपूर, उसळ, तळहाताएवढी ज्वारीची भाकरी, रविवारी मटण आणि रस्सा. कुणी मला विचारलं की हा कुठला आहार, तर मी सांगते, आबांचा.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांना वर जायची परवानगी मिळाली. सध्या फक्त पहिल्या शिफ्टला, आणि सकाळी व जेवणानंतर वर चढण्याआधी कंपनीच्या दवाखान्यात बोट टोचून. त्या दिवशी दुपारी आई फोन समोर ठेवून बसली होती, जरी तो येणार असं कुणी म्हटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो आला. तिनं स्पीकर लावला. मागं भट्टीचा आवाज होता.

"जेवला का?" आईनं विचारलं.

"जेवलो. भाकरी खाल्ली. बोट टोचून घेतलंय, बरोबर हाय. खाली पोरं थांबल्यात. चाललो वर."

आणि त्यांनी फोन ठेवला.